करासाठी तोट्यातले शेअर विकताना कोरिलेशन बघावं का? त्यानं पोर्टफोलिओची जोखीम खरंच कमी होते का?

बघावंच. कोरिलेशन म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं वरखाली होतात त्याचं माप. पण ते कशाशी बघायचं ते आधी ठरवा. सगळे शेअरांचं एकमेकांशी बघतात, स्वतःच्या धंद्याशी कोणी बघत नाही. यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

माझ्या दाजींचं लातूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. शेअरही त्याच ओळखीतले: दोन खत कंपन्या, कीटकनाशकांची एक, बियाण्याची एक, ट्रॅक्टरची एक आणि ट्रॅक्टरला कर्ज देणारी एक फायनान्स कंपनी. म्हणायचे, "सहा कंपन्या हायेत, एक बुडली तर पाच राहतील की." मी विचारलं, मृग कोरडा गेला तर यातली कोणती चालेल? पाऊस लांबला की दुकानात गिऱ्हाईक नाही, गेल्या हंगामाची उधारी अडकलेली, घरच्या रानातलं सोयाबीन गेलेलं, आणि त्याच वेळी डीमॅटही लाल. पैशाची नड येणार तीही तेव्हाच, म्हणजे पडलेल्या भावात विकणं आलं.

तोंडी पटेना, म्हणून एक्सेलमध्ये तीन वर्षांचे महिनाअखेरचे भाव घेतले. बरेच जण थेट भावांवर कोरिलेशन काढतात, ते साफ चूक. बाजार तेजीत असला की कुठल्याही दोन शेअरांचा आकडा उगाच मोठा येतो. दर महिन्याचा टक्क्यांतला बदल काढा आणि त्यावर एक्सेलचं 'कोरेल' (CORREL) हे सूत्र लावा. 1 च्या जवळ आला तर दोघं जोडीनं चालतात, 0 च्या आसपास असेल तर संबंध नाही. दाजींच्या दोन्ही खत कंपन्या जोडीनंच चालत होत्या. म्हणजे कंपन्या दोन, जोखीम एकच.

मग मार्च आला. दुसऱ्या एका शेअरात त्यांना दोन लाखांचा अल्पकालीन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा) नफा झालेला, आणि एका खत कंपनीत 80 हजारांचा अल्पकालीन तोटा पडून. अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर, म्हणजे तोटा बुक केला, म्हणजेच तो शेअर विकून तोटा नफ्यातून वजा केला, की 16 हजार सरळ वाचतात, सेस वेगळा. दाजींचं उत्तर ठरलेलं: "इकलंच नाही तर तोटा कशाचा?" हे वाक्य मी सोयाबीनच्या बाबतीतही ऐकत आलोय. 2021 ला क्विंटलला दहा हजारांचा भाव बघितलेला माणूस पुढं त्याच भावाची वाट बघत थप्प्या लावून बसला आणि 2024 ला 4,892 च्या हमीभावाच्याही खाली विकून मोकळा झाला. खरेदीचा भाव तुमच्या लक्षात असतो, बाजाराच्या नाही.

शेवटी विकलं. पण लगेच दुसरी खत कंपनी वाढवायला निघाले. हार्वेस्टिंगच्या, म्हणजे करासाठी तोटा बुक करण्याच्या, रूढ पद्धतीप्रमाणे ते बरोबरच आहे: विकलेल्यासारखाच चालणारा शेअर घ्यायचा, म्हणजे भाव वर आला तर तो हुकत नाही. हार्वेस्टिंगला जास्त कोरिलेशनचा शेअर लागतो, जोखीम कमी करायला कमी कोरिलेशनचा. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी अशा उलट्या ओढतात. माझं मत स्पष्ट आहे: विकलंच आहे तर त्याच क्षेत्रात परत जाऊ नका. बाहेर पडायला इतका स्वस्त मुहूर्त पुन्हा येत नाही. दाजी अजून म्हणतात, कळतं त्यातच पैसा घालावा. कळतं त्यात दुकानाचं सगळं भांडवल आधीच घातलंय, अजून किती घालणार?

विकलेला शेअर त्याच दिवशी परत घेऊ नका, तो इंट्राडे (एकाच दिवसातली खरेदी-विक्री) धरला जातो आणि तोटा बुक होत नाही. दुसऱ्या दिवशी घ्या. 30 दिवसांत तोच शेअर परत घेतला तर तोटा धरायचा नाही, असा अमेरिकेसारखा नियम आपल्याकडे नाही. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन फक्त दीर्घकालीन नफ्यातून. दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आतच असेल तर त्यासाठी तोटा बुक करू नका, तिथं तसाही कर नाही. उरलेला तोटा आठ वर्षं पुढं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

आणि हो, कोरिलेशनवर सगळा भार टाकू नका. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून जास्त पडला, तेव्हा जवळपास सगळेच शेअर एकत्र पडले. वर्षभराचा घरखर्च एफडीत वेगळा हवाच.

वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी आणि डीमॅटमध्ये सगळे ऑटोचे शेअर, अशांनाही हेच लागू. तुमची कमाई कशावर चालते ते प्रश्नात नाही. ते लिहा, मग कोणता शेअर आधी काढायचा त्यावर बोलता येईल.