हार्नेस घातला की कुत्रा जागचा हलत नाही

"ताई, हार्नेस घातला की आमचा कुत्रा दगडासारखा उभा राहतो, आणि नुसता दिसला तरी पळतो. काय करावं?" पाळीव कुत्र्यांच्या वागणुकीबद्दल सल्ला देते म्हणून हा प्रश्न मला सतत येतो. पूर्वी तो शहरातल्या फ्लॅटमधून यायचा, आता खेड्यांतूनही येतो, कारण हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, ऑनलाइन मागवता येतो. उत्तरादाखल वरुड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेतल्या शेरूची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

शेरू गावठी, वयात आलेला, छाती खोल आणि कंबर बारीक. गळ्यातल्या नायलॉनच्या दोरीनं त्याची मान सोलली आणि ऐन पावसाळ्यात जखमेत किडे पडले. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम बरी केली आणि बजावलं की आता मानेला काही बांधायचं नाही. घरातली मुलगी अकरावीत शिकते, तिला पूर्वा म्हणू. तिनं हार्नेस मागवला. पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी पुढून धरलं, काकांनी मागून दाबलं आणि पट्टे अडकवले. शेरू तडफडला, मग एकदम गप्प झाला. "झाला शांत, आता पडन त्याले सवय," असं सगळ्यांना वाटलं.

मी गेले तेव्हा पूर्वानं खुंटीवरून हार्नेस काढला. शेरूनं तोंड फिरवलं, पण नजर हार्नेसवरच, इतकी की डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसत होतं. ओठ चाटले, शेपूट पोटाशी घेतली. हार्नेस चढवल्यावर चारही पाय जमिनीत रोवल्यासारखे. पुढे केलेलं बिस्किट तोंडात घेतलं आणि तसंच खाली पडू दिलं. खायला धडपडणारा कुत्रा तोंडातला घास सोडतो, तेव्हा तो शांत नसतो, भेदरलेला असतो. घरच्यांना मला सगळ्यात आधी हेच दाखवायचं होतं.

मानसशास्त्रात यावर कुत्र्यांवरचेच प्रयोग आहेत, आणि ते वाचताना आजही त्रास होतो. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांना दिसलं की, ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळण्याचा काहीच मार्ग नव्हता, त्यांतले बरेच पुढे मार्ग मोकळा असूनही सुटायची धडपड करत नव्हते. पन्नासएक वर्षांनी याच दोघांनी आपली मांडणी बदलली. गप्प पडून राहणं शिकावं लागत नाही, त्रास लांबला की ते आपसूकच येतं. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. शेरूला नेमकं हेच शिकवायचं होतं.

वडिलांना पटेना. "ताई, गोऱ्ह्याले जुवाले लावतो तवा त्याले कोण इचारते?" मी विचारलं, "पहिल्याच दिवशी नांगर ओढायला लावता का?" ते हसले. "नाई बाप्पा. आधी रिकामं जू, जोडीले जाणता बैल, मंग लाकूड." पुढचं मला फारसं समजवावं लागलं नाही.

पूर्वा मात्र एक गोष्ट उलटी करत होती. आधी कलेजीचा तुकडा दाखवायची आणि शेरू जवळ आला की पाठीमागे लपवलेला हार्नेस पुढे करायची. त्यामुळे हार्नेस गोड झाला नाही, उलट कलेजीच संशयास्पद झाली. कुत्र्यांच्या लाळेवर काम करणाऱ्या पावलोव्ह यांच्या प्रयोगांतही क्रम महत्त्वाचा होता: आधी खूण, मग अन्न. म्हणून आम्ही उलटवलं. हार्नेस दिसला की क्षणभरानं उकडलेल्या अंड्याचा तुकडा. हार्नेस लपला की खाणं बंद. जागाही बदलली. ज्या अंगणात त्याला दाबून धरलं होतं तिथे नाही, बागेत संत्र्याच्या झाडाखाली. वेळ उन्हं चढायच्या आधीची. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा जाड अस्तराचा पट्टा अंगावर नकोसाच होणार.

शेरू हार्नेस पाहून पूर्वाच्या हाताकडे बघायला लागला, तेव्हा पुढची पायरी घेतली. गळ्याचा फास पूर्ण सैल करून तिनं तो खिडकीसारखा धरला, पलीकडे अंडं. यात सगळ्यात अवघड काम माणसाचं: हात पुढे न्यायचा नाही. डोकं त्यानंच घालायचं, आणि काढून घेतलं तर काढू द्यायचं. सुरुवातीला शेरू कान मागे पाडून नुसती मान लांबवायचा, तुकडा उचलायचा आणि मागे सरायचा. पूर्वाचा जीव कासावीस व्हायचा, "आता घातलं असतं तर झालं असतं ना!" नसतं झालं. मागे सरता येतं हे कळल्यावरच तो पुढे यायला लागला.

बकलचा 'टच्' आवाज वेगळा शिकवला. आधी दुरून, मुठीत दाबून बंद करायचं आणि लगेच तुकडा. मग पाठीवर पट्टा टेकवायचा, मग बकल लावून लगेच सोडायचं, मग दोन पावलं. एकावेळी दोन-तीन मिनिटं, कंटाळायच्या आत थांबायचं. कांदा घातलेलं काही किंवा मनुका खाऊ म्हणून देऊ नयेत, दोन्ही कुत्र्यांना विषारी.

मापही पाहा. छातीवर 'वाय' आकाराचा हार्नेस सहसा खांद्याला मोकळं ठेवतो. आडवा पट्टा पाऊल अडवू शकतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, काखेत घासू नये. शेरूसारख्या बारीक कमरेचा कुत्रा मागे जोर लावून सैल हार्नेसमधून सहज निसटतो. बरं चाललेलं असताना कुत्रा अचानक नकार द्यायला लागला, तर हट्ट समजण्याआधी पट्ट्याखालची कातडी आणि गोचीड तपासा. जखम दिसली तर शिकवणी बंद, आधी डॉक्टर.

रात्री हार्नेसलाच बांधून ठेवू का, असं वडिलांनी विचारलं. नको. रात्रभर ओढून कातडी सोलते. बागेत मोकळा सोडतानाही काढायचा, काटेरी तारेत अडकतो.

किती दिवस लागतील, हे सगळेच विचारतात. लहान पिल्लू काही दिवसांत शिकतं. एकदा दाबून धरलेल्याला आठवडे लागतात, आणि शेरूला लागले. रेबीजच्या लशीसाठी तो आता हार्नेस घालून पूर्वाबरोबर दवाखान्यात जातो. काका जवळ आले की मात्र अजून मागे सरतो. काकांनी सध्या हार्नेसला हात लावायचा नाही, जाता-येता भाकरीचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं, एवढंच काम त्यांना दिलं आहे.