मांजरांच्या पिसवा फवारणी न करता घरातून कशा घालवायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोन मांजरं, त्यांतलं एक दोन महिन्यांचं पिल्लू, पावसाळ्यापासून घरभर पिसवा झाल्यात, विषारी फवारणी नको, तर कडुनिंब, कापूर, व्हिनेगर यांतलं काय चालेल?

या तिघांपैकी कापूर आजच मांजरांपासून दूर ठेवा. व्हिनेगरने पिसू मरत नाही. कडुनिंबाचा पाला गादीखाली घालून काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. तेल मात्र मांजराच्या अंगाला लावू नका. फवारणीशिवाय पिसवा जातात, पण त्या फणीने, धुण्याने, उन्हाने आणि व्हॅक्यूमने. सलग दीड महिना.

दीड महिना का, ते आधी समजून घ्या, म्हणजे मध्येच हात टेकणार नाही. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा फार तर वीसावा हिस्सा. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोश या रूपात घरात पसरलेलं असतं. मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि रोज ४०-५० पर्यंत घालते. दोन मांजरांवर मिळून दहा माद्या धरल्या तरी दिवसाला चारशे अंडी. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपतं, अंग झटकतं, उडी मारतं तिथे गळून पडतात. सोबत पिसवांची काळी विष्ठाही पडते. ती म्हणजे वाळलेलं रक्त, आणि तेच अळ्यांचं अन्न. मांजराची जागा मीठ-मिरी सांडल्यासारखी दिसते ती यामुळे.

अळ्या उजेड टाळतात. सोफ्याच्या शिवणीत, दिवाणाखाली, सतरंजीच्या विणीत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत जाऊन बसतात. हवा दमट असेल तरच जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की सुकून मरतात. म्हणून पावसाळ्यात आणि कोकणात त्रास जास्त. पुढे अळी रेशमी कोश विणते, तो चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि तो दिसेनासा होतो. कोशातली पिसू आठवड्याभरात बाहेर येते किंवा कित्येक महिने तशीच पडून राहते. जमिनीचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की क्षणात बाहेर. या कोशाला कुठलाही घरगुती काढा भेदत नाही. (महागडी फवारणीही सहसा नाही, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नका.)

आता कामाला लागू. आधी मांजर. पिसवांची खास फणी मिळाली तर उत्तम, नाहीतर माणसांच्या उवा-लिखा काढायची लोखंडी बारीक फणी चालते. प्लास्टिकची नको, तिचे दात वाकतात आणि पिसू मधून निसटते. शेजारी वाटीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब घ्या. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून जाते. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि ती बुडते. मान, हनुवटीखाली, शेपटीचं मूळ, पोट आणि मांडीच्या आतली बाजू, याच क्रमाने केसांच्या दिशेने फणी फिरवा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी वाटीत बुडवा. पहिला आठवडा रोज दोनदा, दर खेपेला पाच-दहा मिनिटं. नंतर रोज एकदा. नखावर चिरडायची जुनी सवय सोडा. पिसवांच्या पोटात टेपवर्मच्या (आतड्यातल्या चपट्या जंताच्या) अळ्याही असू शकतात आणि रोगजंतूही.

फणीत पिसू न मिळता नुसते काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मांजर स्वतःला चाटताना बऱ्याच पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे पिसू दिसली नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका.

पिल्लाची काळजी वेगळी. त्याच्या हिरड्या रोज बघा. गुलाबीऐवजी फिकट, पांढरट दिसल्या किंवा ते मलूल पडलं, तर पिसवांनी रक्त कमी केलंय. अशा वेळी उपाय शोधत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तसं नसेल आणि पिसवा खूप असतील तर एकदा आंघोळ घाला. पाणी कोमट, साबण सौम्य आणि बिनवासाचा; लिंबू-संत्र्याच्या वासाचा नको. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर अंग भिजताच सगळ्या पिसवा तोंडाकडे पळतात. मग अंगाला फेस लावून तीन-चार मिनिटं थांबा, स्वच्छ धुवा, फणी फिरवा, लगेच टॉवेलने कोरडं करून उबेत ठेवा. हे रोज करायचं नाही. लहान पिल्लू गारठून आजारी पडतं.

खरा निकाल लागतो जमिनीवर. मांजरं जिथे जिथे झोपतात त्या प्रत्येक जागी जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरा. अंडी त्यावरच पडतील. आठवड्यातून दोनदा तुकडे बदला, कारण अंडी साधारण दोन ते पाच दिवसांत फुटतात. उचलताना झटकू नका, कडेने आत गुंडाळत घ्या आणि थेट गरम पाण्यात टाका: ६० अंश, निदान दहा मिनिटं. वॉशिंग मशिनला गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत कढत पाणी ओतून भिजवा. पायपुसणी, गोधड्या, उशांचे अभ्रे, सगळ्यांना हाच नियम. गाद्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा. ऊन नसेल तर शिवणींवरून वाफेची इस्त्री फिरवा, कापड सोसेल इतकीच.

व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर उसना आणा, पण आणा. पहिले दोन आठवडे रोज, पुढे सहा आठवड्यांपर्यंत एक दिवसाआड. सोफ्याच्या गाद्या उचलून, दिवाणाखाली, कपाटामागे, फरशीच्या सांध्यांवर, अरुंद नळी लावून. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवाही बाहेर पडतात आणि ओढल्या जातात, हा मोठा फायदा. २००७ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या होत्या. उरलेल्या ४ टक्क्यांसाठी कचरा लगेच पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका आणि डबा साबणाच्या पाण्याने धुवा. नुसत्या केरसुणीने अंडी एका खोलीतून दुसरीत जातात. केरसुणीच वापरायची असेल तर आधी ओलं फडकं मारा. पुसून झाल्यावर पंखा लावून फरशी वाळवा, ओल राहू देऊ नका.

रात्री ताटलीत साबणाचं पाणी घालून वर वीतभर उंचीवर छोटा दिवा लावला की काही पिसवा त्यात पडतात. याने घर साफ होत नाही, पण कुठल्या खोलीत जास्त आहेत ते कळतं.

आता "नैसर्गिक" म्हणून विकलं जाणारं विष. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. त्यामुळे टी ट्री, निलगिरी, लवंग, पुदिना, संत्रं यांची तेलं अंगाला लावूही नका, डिफ्युझरमध्येही (तेलाचा वास हवेत पसरवणाऱ्या यंत्रातही) नको. डांबराच्या गोळ्या नको. फिनेलने फरशी पुसणं थांबवा; मांजर पंजे चाटतं. लसूण खायला घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात. कोपऱ्यात बोरिक पावडर किंवा बोरॅक्सही तसंच, पंज्यांवाटे पोटात जातं. डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांच्या मातीची) पावडर पिसवांना सुकवून मारते, पण दमट हवेत तिचा जोर जातो आणि धूळ तुमच्या-मांजराच्या फुफ्फुसात जाते. पावसाळ्यात पैसे वाया. पाल्याची धुरी कोशांपर्यंत पोचत नाही, मांजरं मात्र खोकतात.

सगळ्यांत महत्त्वाचं: कुत्र्यांसाठीच्या पर्मेथ्रिन या कीटकनाशकाच्या थेंबांनी मांजराला झटके येतात, मृत्यूही होतो. घरात किंवा शेजारी कुत्रा असेल आणि त्याला ते लावलं असेल तर वाळेपर्यंत मांजर जवळ जाऊ देऊ नका.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा अचानक वाढल्यासारख्या वाटतील. ते जुने कोश फुटताहेत. बहुतेक जण इथेच सोडून देतात. फणी सलग दोन आठवडे कोरडी निघाली की व्हॅक्यूम आठवड्यातून एकदावर आणा. सहा आठवड्यांनीही कमी होत नसतील, किंवा मांजर बाहेर भटकत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पशुवैद्याकडून वजन मोजून मांजरांसाठीचेच थेंब घ्या, पिल्लाला चालतील का तेही विचारा. मानेवरचे चार थेंब घरभर फवारणीपेक्षा केव्हाही बरे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर टेपवर्मचं औषधही तेव्हाच मागा.

गणपतीला गावी जाऊन आठ-दहा दिवस घर बंद ठेवणार असाल तर परत येताना मांजरं बाहेर टोपलीतच असू द्या. बंद घरात कोश वाट बघत असतात आणि पहिल्या पावलांबरोबर फुटतात. मोजे घाला, आधी सगळीकडे व्हॅक्यूम फिरवा, मग टोपली उघडा.