पाळी गेल्यावर डाग, आणि जाऊबाईंचा सल्ला

प्रश्न : माझं वय ५६. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोन दिवस डाग दिसले, दुखलं-खुपलं काही नाही. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर ९ मिमी आलं. डॉक्टर म्हणतात, क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवू. पॅपची तपासणी आठ महिन्यांपूर्वी नॉर्मल होती, मग हे कशाला? जाऊबाई म्हणतात, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. त्यापेक्षा पिशवीच काढून टाक. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टर बरोबर सांगताहेत. जाऊबाईंचं मन मोडावं लागेल.

पॅपमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेतात. म्हणजे उंबरठा पाहिला, माजघर राहिलं. तुमचे डाग बहुधा माजघरातले. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक डागसुद्धा आम्ही सोडत नाही. अशा दहा जणींत फार तर एकीला कॅन्सर निघतो. बाकीच्यांत बहुतेकदा वयाने सुकलेलं अस्तर, नाहीतर पॉलिप, म्हणजे अस्तरातून फुटलेला मांसाचा कोंब. अस्तर ४ मिमीच्या आत असतं, तर मीही थोडं थांबले असते. ९ म्हटल्यावर तुकडा हवाच.

तो घेण्याच्या दोन पद्धती. शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षा बारीक अशी प्लॅस्टिकची नळी आत घालून थोडं अस्तर ओढून घेतात. ओपीडीतच, भुलीशिवाय, दोन-चार मिनिटांत. ओटीपोटात पाळीसारखी जोरात कळ येते आणि ओसरते. पण या वयात पिशवीचं तोंड आक्रसलेलं असतं, नळी कधी कधी जातच नाही. मग ऑपरेशन थिएटरमध्ये, थोडा वेळ भूल देऊन क्युरेटिंग.

क्युरेटिंग म्हणजे अंधारात पातेलं खरवडणं. देठावर लोंबणारा पॉलिप हत्याराखालून निसटतो, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊनही डाग सुरूच राहतात. म्हणून डॉक्टरांना एवढं विचारा : पिशवीत दुर्बीण घालून, बघून तुकडा घेता येईल का? पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढता येतो, म्हणजे तपासणीतच इलाजही उरकतो. सकाळी उपाशीपोटी जायचं, बहुतेक जणी संध्याकाळी घरी येतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. क्वचित हत्यार पिशवीच्या भिंतीपार जातं, हेही लपवत नाही. बहुधा ते आपोआप भरून येतं, पण त्या दिवशी घरी सोडत नाहीत. नंतर चार-सहा दिवस थोडे डाग चालतील. ताप, दुर्गंधी किंवा भरभर रक्त गेलं तर थेट दवाखाना गाठा.

तुकड्याने कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकते. तसं होत नाही. उलटा अनुभव मात्र आहे. एक बाई माझ्याकडे आल्या त्या पिशवी काढून झाल्यावर. आधी कुणी तुकडाच तपासला नव्हता. काढलेल्या पिशवीत कॅन्सर निघाला. कॅन्सर आहे हे माहीत असतं, तर पहिल्याच ऑपरेशनमध्ये बीजकोष आणि गरजेप्रमाणे आजूबाजूच्या रसगाठीही (लिम्फ नोड) काढल्या असत्या. बिचारीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. ‘कटकट मिटेल’ म्हणून पिशवी काढण्याची आपल्याकडची सवय काही चांगली नाही; २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बाबतीत ती विधिमंडळापर्यंत गाजली. अस्तर नुसतं वाढलेलं असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनवाली तांबी पुरते. पेशी बिघडलेल्या दिसल्या, तर पिशवी काढा असं मी स्वतःच सांगेन.

एक शेवटचं. गावाकडे तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात. माझ्या एका पेशंटच्या यजमानांनी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि विसरले; रिपोर्ट का येत नाही म्हणून मी लॅबवर चिडले होते! बाटलीवर तुमचं पूर्ण नाव आहे ना, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या औषधी पाण्यात) बुडलाय ना, हे बघा. लॅबमध्ये बाटली त्याच दिवशी द्या आणि पावती घ्या. हे काम जाऊबाईंकडे सोपवायला हरकत नाही.