बुजऱ्या माणसाने मालमत्तेच्या व्यवहारात ओळखी कशा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये भाड्याने देण्यासाठी वन बीएचके घ्यायचाय, पैसे साठवलेत, पण चारचौघांत तोंड उघडत नाही आणि या क्षेत्रात ओळखीचं कुणीच नाही. मीही असाच होतो, बराचसा अजूनही आहे.

मेळावे, प्रॉपर्टी प्रदर्शनं यांच्या वाटेला सध्या जाऊच नका. त्यापेक्षा हातात एखादा कागद घेऊन एका माणसाकडे जा. कागद समोर असला की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

2011 साली मी पहिला फ्लॅट बघत होतो. त्याच इमारतीतल्या जुन्या विक्रीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा थोडक्यात तपशील देणारा सरकारी कागद, घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका दस्तलेखकाकडे गेलो. विचारलं एवढंच, "काका, यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत सांगितलं: मोबदला म्हणजे तुमची ठरलेली किंमत, बाजारभाव रेडी रेकनरने, म्हणजे सरकारच्या दरपत्रकाने, काढलेला, दोन्हींत जो जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क. मग आपणहून म्हणाले, "सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, ते बघा आधी." कन्व्हेयन्स म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं; तोवर हा शब्दही मला माहीत नव्हता. तोच प्रश्न घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो. कन्व्हेयन्स झालेलं नव्हतं, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर होती. तो फ्लॅट सोडला.

आठवड्याने परत जाऊन काकांना हे सांगितलं. ही दुसरी फेरी फार महत्त्वाची, कारण सल्ला घेऊन गेलेला माणूस सहसा परत फिरकत नाही. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला आणि एका वकिलांचा नंबर दिला. माझे शोध अहवाल, म्हणजे मालमत्तेच्या मालकीची जुन्या कागदांवरून केलेली तपासणी, आजही तेच वकील करतात.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते या व्यवहारात अगदी खरं आहे. नाही म्हणवेना म्हणून एका साइट ऑफिसात मी टोकनचा चेक देऊन बसलो होतो. पैसे परत मिळायला आठ महिने लागले. म्हणून एक वाक्य घरून पाठ करून जा: "घरी विचारून दोन दिवसांनी कळवतो." त्यापुढे काही बोलायची गरज नाही. नव्या प्रकल्पातलं घर दाखवणाऱ्या एजंटाकडे महारेराचा, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आधी मागा. तो महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

दस्तलेखकाकडे आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी जेवणानंतर जा, तेव्हा त्यांना जरा उसंत असते. मार्चअखेर नको. रेडी रेकनरचे नवे दर 1 एप्रिलपासून लागतात, त्यामुळे तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो.