विचारा तर खरं : ‘टो’ ट मध्ये की ब्लेक ब मध्ये?

प्रश्न : मुलगा टोरांटोला असतो, त्याच्याकडे जाऊन-येऊन मला आइस हॉकीची चटक लागली. निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून खेळाडूंचा छोटा मराठी कोश करायला घेतला आहे. अडतंय ते टोपणनावांपाशी. गॉर्डी हाउ म्हणजे ‘मिस्टर हॉकी’, मॉरिस रिचर्ड म्हणजे ‘रॉकेट’, इथवर ठीक. पण पुढे एकेकाला चार-चार नावं निघतात, एकच नाव चौघांना असतं आणि काहींचं पाळण्यातलं नाव कोणी घेतच नाही. नोंद कोणत्या नावाने करू? सगळी टोपणनावं द्यायची का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पुण्यात बसून कोण कशाचा कोश करायला घेईल याचा नेम नाही. बर्फावरची हॉकी ही त्यातली मला आलेली पहिलीच. पण माझी उमेदीची वर्षं ग्रंथालयात तालिकेची कार्डं लिहिण्यात गेली, तेव्हा तुमचा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा आहे.

नोंद आडनावाने करा. टोपणनावाने केलीत तर ‘रेड’ या एका शब्दाखाली रेड केली, रेड हॉर्नर, रेड डटन आणि रेड बेरेन्सन असे चौघे एकमेकांच्या अंगावर पडतील. हे झालं सोपं. खरं काम पुढे आहे, कारण सगळी टोपणनावं एका जातीची नसतात.

टो ब्लेकचं उदाहरण घ्या. पाळण्यातलं नाव हेक्टर. धाकट्या बहिणीला ते म्हणता येईना, ती ‘हेक-टो’ म्हणायची. त्यातलं ‘टो’ जन्मभर चिकटलं. माँट्रियल कॅनेडियन्सकडून खेळताना तो टो ब्लेक होता, आणि पुढे १९५५ ते १९६८ या काळात त्याच संघाचा प्रशिक्षक म्हणून आठ स्टॅन्ले कप (तिथल्या व्यावसायिक हॉकीचं विजेतेपद) जिंकले तेव्हाही टो ब्लेकच. याच माणसाला वर्तमानपत्रं ‘ओल्ड लॅम्पलायटर’ म्हणत. गोल झाला की जाळ्यामागे लाल दिवा लागतो, आणि हा गडी तो सारखा लावायचा, म्हणून. आता मला सांगा, सामना चालू असताना कोणी “अरे ओल्ड लॅम्पलायटर, इकडे दे” असं ओरडलं असेल का? एक हाक मारायचं नाव, दुसरं मथळ्यात छापायचं. कोशात दोन्ही यावीत, पण एका रांगेत स्वल्पविराम देऊन नव्हे. मी कार्ड असं लिहीन :

ब्लेक, हेक्टर ‘टो’. जन्म १९१२. ‘टो’ : घरचं, बहिणीच्या उच्चारावरून; पुढे सर्वत्र रूढ. ‘ओल्ड लॅम्पलायटर’ : वृत्तपत्री, खेळाडू असतानाच्या काळातलं.

आणि ‘ट’मध्ये एक कोरं कार्ड, त्यावर एवढंच : टो ब्लेक, पाहा ब्लेक, हेक्टर. तुमच्या एक्सेलमध्ये यासाठी एक जादा रकाना पुरेल. त्या रकान्याला ‘कोण म्हणे’ असं नाव द्या. नाव कोणी ठेवलं हे पुष्कळदा सापडत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. कोण वापरत होतं आणि केव्हा, हे मात्र नोंदलंच पाहिजे. ते ज्या नावापुढे लिहिता येत नाही, ते नाव मी कोशात घेणार नाही, मग ते इंटरनेटवर शंभर ठिकाणी का असेना. तुमच्या चार-चार नावांपैकी निम्मी इथेच गळतील.

ड्रेसिंग रूममधली रोजची नावंही गाळा. ग्रेट्स्कीचा ‘ग्रेट्स’, सुलिव्हन नावाच्या कोणाचाही ‘सली’. आपल्या वर्गात जोशीचा जोश्या आणि गोखलेचा गोखल्या होतो, तसलाच प्रकार. जोश्या हे काही कोणाचं टोपणनाव नव्हे, ती जोशी असण्याची शिक्षा आहे. अपवाद एकच : असं नाव बाहेर येऊन प्रेक्षकांच्याही तोंडी बसलं तर. ओवेच्किनचा ‘ओवी’ तसा बसला आहे, तो घ्या.

घराण्यात चालत आलेली नावं मात्र जरा सैल हाताने लिहा, गंमत तिथे आहे. मॉरिस रिचर्डने १९४४-४५च्या मोसमात पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले, तो ‘रॉकेट’. त्याचा धाकटा, बुटका भाऊ आंरी ‘पॉकेट रॉकेट’ झाला आणि त्याने खेळाडू म्हणून अकरा स्टॅन्ले कप जिंकले. (आपल्या खाशाबा जाधवांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. खिसा दोन्हीकडे सारखाच.) पुढे पावेल बुरे ‘रशियन रॉकेट’ म्हणून गाजला. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी लीग, जो करंडक देते त्याच्या नावातच ‘रॉकेट’ आहे, आणि तो २००० आणि २००१ मध्ये बुरेने पटकावला. बॉबी हल ‘गोल्डन जेट’, भाऊ डेनिस ‘सिल्व्हर जेट’, मुलगा ब्रेट ‘गोल्डन ब्रेट’. अशा ठिकाणी प्रत्येक कार्डावरून दुसऱ्याकडे ‘हेही पाहा’ घाला. पाठोपाठची नावं वाचताना कोणाचं आधी हे कळलंच पाहिजे. ‘लिटल मास्टर’ हनीफ मोहम्मद, मग गावसकर, मग तेंडुलकर. साल न लिहिता तिघांना एका ओळीत बसवलं की नातवंडं हनीफला नकलाकार ठरवतात.

किंग क्लॅन्सीच्या बाबतीत तर नावच वडिलांचं. ‘किंग’ हे बिरुद वडिलांना दुसऱ्या खेळात मिळालं होतं, ते मुलाकडे वारशाने आलं. तिथे ‘राजासारखा खेळे’ वगैरे पदरचं लिहू नका.

नावामागच्या गोष्टींसाठी वेगळा रकाना ठेवा. फ्रेड टेलरला ‘सायक्लोन’ हे नाव कॅनडाचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांच्या उद्गारावरून पडलं, असं सांगतात. ध्यानचंद जन्माने ध्यानसिंग, धाकटे भाऊ रूपसिंग, ही नोंद. चांदण्यात सराव करायचे म्हणून ‘चंद’ झाले, ही गोष्ट. गोष्ट गोड असते म्हणून ती वगळू नये आणि गोड असते म्हणून तिला नोंदीत बसवूही नये. ‘असं सांगतात’ हे दोन शब्द लिहायला शाई फार लागत नाही.

भाषांतराचा मोह तुम्हाला होणारच. जॉर्ज व्हेझिना हा शांत डोक्याचा गोलरक्षक, ‘शिकूटिमी क्युकम्बर’. शिकूटिमी त्याचं गाव. ‘शिकूटिमीची काकडी’ असं लिहिलंत तर वाचक त्याला भाजीवाला समजेल. मूळ नाव देवनागरीत ठेवा, अर्थ पुढच्या वाक्यात सांगा.

राहता राहिला सर्वांत नाजूक भाग, तो तुम्ही विचारला नाहीत. काही टोपणनावं आज तोंडावर म्हणवणार नाहीत. बॉस्टनच्या श्मिट, ड्यूमार्ट आणि बाउअर या तिघांच्या फळीला ‘क्राउट लाइन’ म्हणत, कारण तिघेही कॅनडातल्या किचनर परिसरातले, जर्मन वंशाचे. ‘क्राउट’ ही जर्मनांना दिलेली शिवीच. महायुद्धात ते नाव नकोसं झालं आणि काही काळ ‘किचनर किड्स’ असं म्हटलं जाऊ लागलं. १९४२ मध्ये तिघेही कॅनडाच्या हवाई दलात गेले. ‘चीफ’चं पाहा. टोरांटोचा कर्णधार जॉर्ज आर्मस्ट्राँग आईकडून आदिवासी वंशाचा. अल्बर्टातल्या स्टोनी लोकांनी त्याला मानाचं मुखियापद दिलं होतं. बॉस्टनचा जॉनी ब्यूसिकही ‘चीफ’, आणि त्याचे आईवडील युक्रेनियन! केवळ चेहऱ्यामोहऱ्यावरून पडलेलं नाव. इतरही कित्येक आदिवासी खेळाडूंना, मनात असो नसो, हीच हाक ऐकावी लागली. एकाला मान, एकाला गैरसमज, बाकीच्यांना टोमणा. अशी नावं कोशातून पुसू नका, पुसलीत तर त्या काळी लोक कसे बोलत हेही पुसलं जाईल. पण मथळ्यात घेऊ नका. आत, ‘कोण म्हणे’च्या रकान्यात, काळ घालून लिहा आणि बाकीच्या मजकुरात खेळाडूला त्याच्या नावाने संबोधा.

प्रश्न : माझी भाची लेहमध्ये शिकवते. तिथल्या मुली हिवाळ्यात आइस हॉकी खेळतात, त्यांच्या आठवणी ती लिहून घेते आहे. टोपणनावं गाळावीत म्हणते, ‘गंभीर वाटत नाही’. तुमचं मत?
— एक वाचक, पौड रस्ता

उत्तर : तिला सांगा, मुळीच गाळू नको. टोरांटोचे नियम लेहला जसेच्या तसे चालत नाहीत. लडाखी बौद्ध नावांत बहुधा आडनाव नसतं. दोन्ही शब्द दिलेल्या नावाचेच. स्टॅन्झिन, त्सेवांग, रिग्झिन, पद्मा ही नावं घरोघरी. ‘आडनावाने नोंद करा’ हे मी वर ठणकावून सांगितलं, ते तिथे कोणत्या आडनावाला लावणार? तिथे टोपणनाव हीच खूण. त्यामुळे कार्डावर पूर्ण नाव जसं ती मुलगी म्हणते तसंच, मग घराचं नाव, गाव, जन्मसाल, जर्सीचा क्रमांक आणि मैत्रिणी जी हाक मारतात ती. मात्र हाक छापायची की नाही हे त्या मुलीला विचारून. तिने ‘नको’ म्हटलं तर विषय संपला. कॅनडातल्या दिवंगतांना विचारता येत नाही, हिला येतं. भारताच्या महिला संघाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१६ मध्ये तैपेईत खेळली आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकाचं कांस्यपदक मिळवलं. एवढ्यात हे लिहिलं गेलं तर खेळणाऱ्यांच्याच तोंडून लिहिलं जाईल. भाचीला घाई करायला सांगा.

प्रश्न : टोपणनाव अवतरणचिन्हांत की कंसात?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : एकेरी अवतरणात, नाव आणि आडनावाच्या मध्ये. दुहेरी अवतरण संवादासाठी राखून ठेवा. कंस जन्मनावासाठी लागतो, तो इथे खर्च करू नका.