वाचकांचे प्रश्न : डिक जॉन्सन आणि बाथर्स्टचा दगड

प्रश्न : माझा बावीस वर्षांचा मुलगा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका गॅरेजमध्ये काम करतो आणि चेन्नईच्या ट्रॅकवर टूरिंग कार शर्यतीत उतरण्याची त्याची जिद्द आहे. मदत मागायला तो एका व्यावसायिकाकडे गेला आणि ‘इंजिन जुने आहे, पैसे दोनच शर्यतींपुरते आहेत’ असे सरळ सांगून आला. आम्ही रागावलो, तर तो ऑस्ट्रेलियाच्या डिक जॉन्सन यांचा दाखला देतो. हे गृहस्थ कोण? अशा बोलण्याने त्यांचे नुकसान झाले नाही का?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी दाखला अगदी योग्य दिला आहे. टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर चालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मॉडेलवरच बेतलेली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेली शर्यतीची गाडी. ब्रिस्बेनचे डिक जॉन्सन या प्रकारात 1981, 1982, 1984, 1988 आणि 1989 असे पाच वेळा ऑस्ट्रेलियाचे विजेते ठरले. मात्र तेथील लोक त्यांना आधी ओळखू लागले ते एका हुकलेल्या शर्यतीमुळे.

1980 साली ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टच्या डोंगरी ट्रॅकवर हजार किलोमीटरच्या शर्यतीत ते आपल्या निळ्या फोर्ड फाल्कनमध्ये सर्वांच्या पुढे होते. चढणीच्या अरुंद वळणावर बंद पडलेली गाडी उचलायला आलेल्या ट्रकने अर्धा रस्ता अडवला होता आणि उरलेल्या अर्ध्यात फुटबॉलएवढा दगड पडला होता. ब्रेक लावायला ना वेळ होता, ना जागा. गाडी दगडावर चढली, भिंतीवर आदळली आणि तिचा चुराडा झाला. ती गाडी उभी करण्यासाठी जॉन्सन यांनी स्वतःजवळचे सगळे पणाला लावले होते.

टीव्हीवर शर्यतीचे थेट प्रक्षेपण चालू असतानाच त्यांना बोलते केले गेले. दगड कोणी प्रेक्षकाने टाकला असावा हा संशय त्यांनी लपवला नाही, आणि नवी गाडी बांधण्याइतके पैसे आपल्याजवळ उरले नाहीत हेही लपवले नाही. बोलताना त्यांचा कंठ दाटून आला होता. त्यानंतर वाहिनीचे दूरध्वनी खणखणू लागले. अनोळखी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे देऊ केले, आणि लोक जितके देतील तितकीच भर आपण घालू असे फोर्ड कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जाहीर केले. त्या पैशांतून नवी फाल्कन उभी राहिली. 1981 मध्ये जॉन्सन यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी जॉन फ्रेंच या सहचालकांच्या साथीने बाथर्स्टची शर्यतही जिंकली. त्या दिवशी मोठ्या अपघातामुळे शर्यत 163 पैकी 120 फेऱ्यांवर थांबवावी लागली. तेव्हा आघाडीवर हीच जोडी होती.

पुढेही सगळे सुरळीत झाले असे नाही. 1983 मध्ये बाथर्स्टच्याच पात्रता फेरीत त्यांची गाडी थेट झाडांत शिरून निकामी झाली. तेव्हा दुसऱ्या स्पर्धकाची गाडी मिळवून संघाने ती रातोरात सजवली आणि सकाळी ते पुन्हा शर्यतीत उतरले, जरी ती पूर्ण करता आली नाही. जॉन बो यांच्यासह बाथर्स्टचे आणखी दोन विजय, 1989 आणि 1994 चे, त्यानंतरचे आहेत.

म्हणून मला वाटते, आपण मुलावर रागावू नये. जॉन्सन यांना मदत मिळाली, कारण लोकांनी त्यांची गाडी आघाडीवर धावताना डोळ्यांनी पाहिली होती आणि नंतर खिसा रिकामा असल्याचेही त्यांच्याच तोंडून ऐकले होते. आपल्या मुलाने दुसरी गोष्ट सांगितली आहे. पहिली अजून दाखवायची आहे. ज्या दोन शर्यतींपुरते पैसे आहेत त्यांत त्याने अवश्य उतरावे, फेरीगणिक वेळ आणि टायर, इंधन, चेन्नईपर्यंत गाडी नेण्याचे भाडे असा सारा खर्च एका वहीत लिहावा, आणि ती वही घेऊन त्याच व्यावसायिकांना पुन्हा भेटावे. इंजिन जुने आहे हे तेव्हाही सांगावे.