'उत्तरायण' आणि 'मकरसंक्रांत' एकच का?

सांगलीतील एका शिक्षिकेने विचारले आहे की, भूगोलाच्या पुस्तकात 22 डिसेंबर हा अयनदिन म्हणून दिलेला असतो, घरोघरी मात्र संक्रांतीला उत्तरायण लागले असे म्हणतात; तर मुलांना खरे काय सांगावे आणि डिसेंबरातील त्या दिवसाला मराठीत कोणता शब्द वापरावा?

'अयन' हा शब्द जाणे या अर्थाच्या 'इ' या संस्कृत धातूपासून आला आहे, त्यामुळे उत्तरायण म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे जाणे. पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे 21 किंवा 22 डिसेंबरला सूर्य मकरवृत्तावर माथ्यावर येतो आणि तिथून उत्तरेकडे वळतो. सांगलीत त्या दिवशी सूर्य पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि भर माध्यान्हीही 50 अंशांच्या वर चढत नाही. अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी केली, तर तिची सर्वांत आखूड सावलीही सुमारे 85 सेंटिमीटर पडते. आधीचे आणि नंतरचे काही दिवस ही सावली जवळपास तेवढीच राहते. म्हणूनच लॅटिनमध्ये या घटनेचे नाव 'सूर्याचे थांबणे' असे आहे, आणि आपल्या कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथातही उत्तरेकडे वळण्यापूर्वी सूर्य थांबतो असेच म्हटले आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथे सुमारे 5,200 वर्षांपूर्वीच्या दगडी समाधीत याच सुमारास उगवत्या सूर्याचा किरण थेट आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. लेखन नसलेल्या त्या लोकांनी हे वळण किती बारकाईने टिपले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

मग संक्रांत वेगळी का पडली? वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर बृहत्संहितेत त्या जुन्या स्थितीचा उल्लेख करतो आणि आपल्या काळी उत्तरायण मकरेच्या आरंभी होते, असे स्पष्ट नोंदवतो. अर्थात त्या काळी मकरसंक्रमण आणि उत्तरायण जवळपास एकत्र येत होते आणि दोन्ही नावे एकाच दिवसाला शोभत होती. परंतु पृथ्वीचा अक्ष सुमारे 25,800 वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून वळतो ती जागा, ताऱ्यांच्या तुलनेत साधारण 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज हे अंतर, म्हणजेच अयनांश, सुमारे 24 अंश झाले आहे. संक्रांत ताऱ्यांच्या, म्हणजे निरयन, हिशेबाने ठरते, म्हणून ती जानेवारीच्या मध्यात येते. उत्तरायण मात्र डिसेंबरातच सुरू झालेले असते. हा अयनांश नेमका किती धरावा, हा आपल्याकडील पंचांगवादाचा गाभा आहे, आणि 1920 साली सांगलीत भरलेल्या ज्योतिष संमेलनात लोकमान्य टिळक पंचांगशुद्धीच्या चर्चेसाठी आले होते, हे सांगलीच्या मुलांना अवश्य सांगावे.

'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' ही म्हण मात्र मी चुकीची ठरवणार नाही. आपल्या भागात सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीनंतरच लांबू लागतो, पण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत राहतो. एकूण दिनमान 22 डिसेंबरनंतर वाढू लागले, तरी पहाटे उठून धारा काढणाऱ्याला किंवा फडात उसाला कोयता लावणाऱ्याला सकाळ लवकर उजाडू लागल्याचे संक्रांतीनंतरच जाणवते.

शब्दाविषयी माझे मत असे, की 'अयनदिन' रूढ आणि शुद्ध आहे, पण तो जूनलाही लागू पडतो. 'हिवाळी अयनदिन' म्हणावे, तर डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. 'उत्तरायणारंभ' हा शब्द पृथ्वीवर कुठेही खरा ठरतो, म्हणून मी तोच निवडीन. राष्ट्रीय दिनदर्शिकेतील पौष महिन्याची 1 तारीखही 22 डिसेंबरलाच येते. तेव्हा वहीत '1 पौष, उत्तरायणारंभ' असे लिहावे आणि संक्रांतीपुढे 'सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश' एवढेच लिहावे.